गॉस्फर्थचा दगडी क्रॉस आणि चित्र वाचण्याचा प्रश्न

(व्याख्यानमालेतील दुसऱ्या पुष्पाचे शब्दांकन. बोलण्याची धाटणी शक्यतो तशीच ठेवली आहे.)

मित्रहो, आजचा विषय अंतराने लांबचा आहे, पण त्यातला प्रश्न आपल्या ओळखीचा आहे. एखाद्या दगडावर चित्रं कोरलेली आहेत. अक्षर एकही नाही. कोणी कोरली, कोणी खर्च केला, कुठेही नोंद नाही. त्या शतकातला त्या गावाबद्दलचा एकही कागद उरलेला नाही. आता या दगडाकडून इतिहास म्हणून नेमकं काय घ्यायचं, आणि कुठे थांबायचं? हा प्रश्न मी आज एकाच दगडापुरता मांडणार आहे.

इंग्लंडच्या वायव्य कोपऱ्यात कंब्रिया नावाचा परगणा आहे. डोंगर, तळी, मेंढ्या आणि बारमाही पाऊस. पर्यटक तळ्यांच्या बाजूला जातात. समुद्राकडच्या अंगाला फारसं कोणी फिरकत नाही. त्या अंगाला गॉस्फर्थ नावाचं छोटं गाव आहे. (न्यूकॅसल शहरात याच नावाचं एक उपनगर आहे, त्याच्याशी गल्लत करू नका.) गावापासून दोन-तीन मैलांवर सेलाफील्डचा प्रचंड अणुप्रकल्प आहे, तेव्हा त्याला विंडस्केल म्हणत, आणि १९५७ साली तिथल्या अणुभट्टीला लागलेली आग गाजली होती. तर एका बाजूला हे, आणि दुसऱ्या बाजूला सेंट मेरी चर्चच्या आवारात, साध्या थडग्यांच्या मधोमध, हजार-अकराशे वर्षं उघड्यावर उभा असलेला एक दगडी खांब.

खांब म्हणतो, कारण लांबून तो तसाच दिसतो. उंची सुमारे ४.४ मीटर, म्हणजे साडेचौदा फूट. दगड तांबडा वालुकाश्म. जाडी उंचीच्या मानाने फारच कमी. खाली पायऱ्यांची बैठक. खांबाचा खालचा भाग गोल, त्यावर झाडाच्या सालीसारखी, एकात एक अडकवलेल्या कड्यांची नक्षी. वर जाताना गोल भाग हळूहळू चौकोनी होतो, त्याच्या चार बाजूंना चित्रं, आणि अगदी वर, मानेवर, कडं असलेला छोटासा क्रॉस. शैलीवरून त्याचा काळ दहाव्या शतकाचा पूर्वार्ध धरतात.

दहावं शतक म्हणजे तिथे काय चाललं होतं? आपल्याकडे व्हायकिंग म्हटलं की शिंगांचं शिरस्त्राण डोळ्यांपुढे येतं. ती शिंगं एकोणिसाव्या शतकातल्या ऑपेराच्या वेशभूषेची देणगी, ती बाजूला ठेवू. ७९३ साली लिंडिस्फार्नच्या मठावर हल्ला झाला, तिथून इंग्लंडच्या इतिहासात हे लोक धाडी घालणारे म्हणून येतात. पण शंभर वर्षांत धाडी घालणारे जमीन कसायला लागले. वायव्य किनाऱ्यावर आलेले बरेचसे थेट नॉर्वेतून नव्हे, तर आयर्लंड आणि आयल ऑफ मॅन या बाजूने आले. ९०२ मध्ये डब्लिनमधून त्यांना हुसकावलं गेलं, त्यानंतर या किनाऱ्यावर वस्ती वाढली असं मानतात. गावांची नावं बघा: शेवटी ‘थ्वेट’ म्हणजे झाडं तोडून मोकळी केलेली जमीन. ओढ्याला ‘बेक’, डोंगराला ‘फेल’. हे सगळे शब्द त्यांनी आणलेले, आणि आजही तिथला शेतकरी तेच वापरतो. राजाच्या दप्तरात त्यांची नावं आली नाहीत. १०८६ साली विल्यमने जमिनींची मोठी पाहणी करवली, ती डूम्सडे बुक म्हणून प्रसिद्ध आहे; कंबरलँडचा बहुतेक भाग तिच्यातही नाही. म्हणजे त्या भागातल्या त्या पिढ्यांसाठी दगड हेच दप्तर आहे. म्हणून हा दगड चुकीचा वाचला, तर दुरुस्त करायला दुसरं साधन जवळजवळ नाही.

बरं, असे क्रॉस उभारायची पद्धत या लोकांनी आणली का? नाही. ती तिथे आधीपासून होती. गॉस्फर्थपासून काही मैलांवर आयर्टनच्या चर्चच्या आवारात नवव्या शतकातला एक देखणा क्रॉस उभा आहे, त्यावर फक्त नक्षी. उत्तरेला सीमेलगत ब्यूकॅसलला त्याहून जुना, डोकं हरवलेला क्रॉस आहे. स्कॉटलंडमध्ये रथवेलला तर रोमन आणि रून अशा दोन्ही लिप्यांत मजकूर कोरलेला क्रॉस आहे. म्हणजे नवे आलेले लोक ज्या मुलखात स्थिरावले, त्या मुलखाची प्रतिष्ठेची वस्तू त्यांनी उचलली. डोक्यावरचं कडं आयर्लंडकडच्या क्रॉसची आठवण देतं, खांबावरची साखळी स्कँडिनेव्हियन वळणाची आहे. उभारण्याची रीत मात्र स्थानिक.

आता चित्रांकडे येऊ. १८८० च्या दशकापर्यंत या चित्रांचा अर्थ लागलेला नव्हता. शेवाळ आणि दगडफूल इतकं की धड दिसतही नव्हती. गावातले एक डॉक्टर, चार्ल्स अरुंडेल पार्कर, आणि जवळच्याच अ‍ॅस्पॅट्रियाचे धर्मगुरू डब्ल्यू. एस. कॅल्व्हर्ली, या दोघांनी दगड स्वच्छ करून बारकाईने पाहिला. व्यवसायाने दोघेही पुरातत्त्वाचे नव्हेत. असा हौशी अभ्यास आपल्याकडेही झाला आहे, आणि त्याला नाकं मुरडण्याचं कारण नाही. तर त्यांच्या लक्षात आलं की पश्चिमेच्या बाजूला अगदी खाली जे चित्र आहे, ते बायबलमधलं नाही.

एक माणूस हातपाय बांधलेला. त्याच्या वर साप. आणि शेजारी गुडघे टेकलेली एक बाई, केसांची लांब शेपटी पाठीवर, हातात वाडगा धरलेला.

नॉर्स पुराणात लोकी नावाचा एक देव आहे. खरं तर देवांमध्ये राहणारा उपद्व्यापी. बाल्डर हा सगळ्यांचा लाडका देव, त्याच्या मृत्यूला हा कारण होतो. शिक्षा म्हणून देव त्याला खडकाला बांधतात आणि तोंडावर विषारी साप टांगतात. विष थेंब थेंब गळतं. त्याची बायको सिगिन जवळ बसून ते वाडग्यात धरते. वाडगा भरला की ओतायला तिला बाजूला व्हावंच लागतं. तेवढ्या वेळात थेंब त्याच्या चेहऱ्यावर पडतो आणि तो असा तळमळतो की पृथ्वी हादरते. आपल्याकडे शेषाने डोकं हलवलं की भूकंप होतो, त्यांच्याकडे लोकीने अंग झटकलं की होतो. जगाच्या शेवटी, म्हणजे रॅग्नारोकच्या वेळी, तो सुटणार आहे.

बांधलेला माणूस पुष्कळ ठिकाणी सापडेल. ख्रिस्ती चित्रांत सैतानही बांधलेला असतो. पण बांधलेला माणूस, साप, आणि वाडगा धरलेली बाई, हे तिन्ही एकत्र दुसऱ्या कुठल्या कथेत बसवून दाखवा. त्यामुळे ही ओळख पक्की आहे असं मी म्हणतो, आणि गेल्या सव्वाशे वर्षांत तिला गंभीर आव्हान मिळालेलं नाही.

पूर्वेच्या बाजूला वरच्या अंगाला दुसरं चित्र आहे. एक माणूस एका अजस्र जबड्यासमोर उभा आहे. एक पाय खालच्या जबड्यात रोवलेला, हाताने वरचा जबडा ढकलतोय. रॅग्नारोकच्या लढाईत फेनरिर हा लांडगा ओडिनला गिळतो, आणि ओडिनचा मुलगा विदार त्याचा सूड घेतो. कसा? खालच्या जबड्यावर पाय देऊन, वरचा जबडा धरून, लांडग्याचं तोंड फाडून. त्या पायात एक जाड बूट असतो, आणि तो कशाचा बनलेला, तर माणसं आपल्या चपला शिवताना टाचेचे आणि बोटांकडचे चामड्याचे जे तुकडे कापून टाकतात त्यांचा. म्हणून ते तुकडे टाकून द्यावेत, देवाच्या कामी येतात, अशी समजूत त्या कथेत सांगितली आहे. मला या सगळ्या पुराणातली ही सर्वांत माणसाळलेली गोष्ट वाटते.

इथे जरा थांबू. मी आत्ता ज्या कथा सांगितल्या त्या कुठून? बहुतांशी स्नोरी स्टुरलुसोन या आइसलँडच्या माणसाच्या एड्डा ग्रंथातून. तो त्याने साधारण १२२० च्या सुमारास लिहिला. स्नोरी स्वतः ख्रिस्ती, आइसलँडने ख्रिस्ती धर्म स्वीकारल्याला तेव्हा दोनशे वर्षं होऊन गेलेली. आणि क्रॉस दहाव्या शतकातला. म्हणजे चित्र आधी, आणि चित्राची ‘चावी’ जवळपास तीनशे वर्षांनी, समुद्रापलीकडे लिहिलेली. आपण चावी लावून चित्र उघडतो, आणि मग म्हणतो, बघा, स्नोरीच्या कथा किती जुन्या, गॉस्फर्थच्या क्रॉसवर आहेत! हे वर्तुळ झालं.

वर्तुळ मोडायचं कसं, ते आपल्या वीरगळांवरून सांगतो. बोरिवलीजवळ एकसरचे वीरगळ आहेत, त्यांवर जहाजांची लढाई कोरलेली आहे. ते पाहताना आपण गोंधळत नाही. खालच्या चौकटीत लढाई आणि मरण, मधल्या चौकटीत अप्सरा वीराला घेऊन चालल्या आहेत, सर्वांत वर तो शिवलिंगाची पूजा करतो आहे. खालून वर वाचायचं, हे आपल्याला कसं कळलं? महाराष्ट्रात आणि कर्नाटकात असे वीरगळ असंख्य आहेत, म्हणून. एकावरून नाही कळलं, पुष्कळांवरून कळलं. त्यांतल्या काहींवर लेखही आहेत. गॉस्फर्थचा क्रॉस त्याच्या जातीचा एकटा आहे. चार बाजूंपैकी कुठून सुरू करायचं, खालून की वरून, हे सांगणारं व्याकरणच नाही. म्हणून मग एकेक चित्र सुटं घ्यायचं, आणि प्रत्येकाला वेगळा भाव द्यायचा.

माझे भाव असे. लोकी आणि सिगिन, पक्के. विदार, जवळजवळ पक्का. पश्चिमेलाच वर दोन आ वासलेल्या श्वापदांपुढे हातात शिंग आणि काठी घेतलेला माणूस आहे, त्याला हेमदाल म्हणतात, म्हणजे रॅग्नारोकचं रणशिंग फुंकणारा पहारेकरी. शक्य आहे, मी मान्य करेन, पैज लावणार नाही. खांबाचा गोल भाग म्हणजे विश्ववृक्ष इग्द्रसिल, ही कल्पना फार लोकप्रिय आहे आणि मला ती पटत नाही. तशी कड्यांची नक्षी त्या काळात आयल ऑफ मॅनवर सर्रास दिसते. तिथला गाउट नावाचा कारागीर तर आपण हे बनवलं असं स्वतः कोरून ठेवतो. दरवेळी साखळी दिसली की विश्ववृक्ष म्हणायचं, तर मग कठीण आहे. घोडेस्वार आहेत, एक हरीण आहे, त्यांनाही लोकांनी नावं दिली आहेत. ती मी आज घेत नाही.

आता खरा पेच. त्याच पूर्वेच्या बाजूला, विदारच्या खाली, चौकटीत दोन्ही हात पसरून उभा असलेला ख्रिस्त आहे. मागे क्रॉस कोरलेलाच नाही. पसरलेले हात आणि चौकट, एवढंच. साधारण याच शतकात डेन्मार्कमध्ये येलिंगला राजा हॅराल्ड ब्लूटूथने उभारलेल्या शिळेवरही ख्रिस्त असाच, क्रॉसशिवाय, हात पसरून उभा आहे. सुळावर चढवलेला असहाय माणूस या लोकांना दाखवायचा नव्हता असा तर्क केला जातो, आणि तो बरा आहे.

ख्रिस्ताच्या खाली दोन माणसं. एकाच्या हातात भाला; तो लॉन्जायनस, ख्रिस्ताच्या कुशीत भाला खुपसणारा सैनिक. नेहमीच्या ख्रिस्ती चित्रात त्याच्यासमोर काठीवर स्पंज धरलेला दुसरा माणूस असतो. इथे तो नाही. त्याच्या जागी एक बाई आहे. लांब घोळदार वस्त्र, मागे बांधलेले केस, हातात शिंगासारखं पात्र. काहींच्या मते ही सुगंधी तेल आणणारी मेरी मॅग्दालेन, काहींच्या मते ख्रिस्ताचं रक्त धरणारी चर्चरूपी स्त्री. पण तिचं रूप बघा. स्वीडनच्या गॉटलंड बेटावरच्या चित्रशिळांवर, आणि व्हायकिंगांच्या चांदीच्या छोट्या पदकांवर, आलेल्या वीरापुढे पेयाचं शिंग धरणारी जी बाई असते ती हीच. कोरणाऱ्याला मेरी काढायची असेल, तर ‘पवित्र प्रसंगातली स्त्री’ म्हणून त्याच्या हाताला जी आकृती माहीत होती ती त्याने काढली. आणि वळून पश्चिमेला गेलात तर सिगिनही तशीच, केसांची शेपटी आणि हातात पात्र. रिचर्ड बेली यांनी या भागातल्या शिल्पांचा आयुष्यभर अभ्यास केला. एकोणिसशे ऐंशीच्या दशकात आलेल्या त्यांच्या लेखनानंतर या क्रॉसवर बोलताना ही जोडी टाळता येत नाही.

मग हे काय आहे? एक मत असं की वरवर धर्म बदललेल्या लोकांनी जुने देव चोरून ठेवले. हे मत मला मान्य नाही. चोरून ठेवायचं ते माणूस साडेचौदा फूट उंच, चर्चच्या दारात उभारत नाही. दुसरं मत, सगळंच ख्रिस्ती आहे, विदार म्हणजे नरकाचा जबडा फाडणारा ख्रिस्त आणि लोकी म्हणजे बांधलेला सैतान. यात तथ्य आहे, पण सिगिनचं काय करायचं? सैतानाला विष टिपणारी बायको नाही.

बेली आणि इतर काहींचं म्हणणं असं की चित्रं निवडून घेतली आहेत. ज्यांची ओळख लागते ती नॉर्स चित्रं रॅग्नारोकची आहेत. त्यांत ओडिनची शौर्यकथा नाही, थॉरचे पराक्रम नाहीत. जुन्या जगाचा शेवट तेवढा आहे. रॅग्नारोकनंतर समुद्रातून पृथ्वी पुन्हा वर येते, बाल्डर परत येतो, नवं जग सुरू होतं. ख्रिस्ताच्या मृत्यूतही एक जग संपतं आणि दुसरं सुरू होतं. ज्याला पहिली गोष्ट आजीकडून ऐकून माहीत आहे, त्याला दुसरी गोष्ट या दगडापाशी उभं करून समजावता येते. मला हे वाचन सर्वांत सरस वाटतं, कारण ते दोन्ही बाजूंची चित्रं वापरतं, एकही लपवत नाही. ते सिद्ध झालं आहे असं मात्र म्हणू नका. आयल ऑफ मॅनवर अँड्रियासच्या चर्चमधल्या एका तुटक्या शिळेवर एका बाजूला लांडग्याच्या तोंडी पाय दिलेला ओडिन आणि दुसऱ्या बाजूला हातात क्रॉस घेऊन साप तुडवणारा माणूस आहे. एका शिळेवर घडलं तर लहर म्हणता आलं असतं. दोन ठिकाणी घडलं, म्हणजे अशी मांडणी त्या किनाऱ्यावर माहीत होती.

जाता जाता त्या चर्चमधल्या आणखी एका वस्तूबद्दल. आत एक चिनी घंटा आहे. १८४१ साली, पहिल्या अफू युद्धात, कँटनच्या नदीवरच्या किल्ल्यातून आणलेली. ज्या अफूवरून ते युद्ध पेटलं तिच्यातला मोठा वाटा माळव्यातून मुंबईमार्गे चीनला जात होता, म्हणजे धागा आपल्या बंदरापर्यंत येतो. चिमाजी अप्पांनी १७३९ साली वसई घेतल्यावर तिथल्या चर्चमधल्या घंटा आपल्या देवळांत टांगल्या गेल्या. भीमाशंकरची तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिली असेल. एका देवाची वस्तू दुसऱ्याच्या दारी जाते. पण या दोन्ही घंटा लुटीतल्या आहेत. क्रॉसवरचा लोकी कोणी लुटून आणलेला नाही, तो आणणाऱ्याच्या स्वतःच्या घरातला आहे. हा फरक लक्षात असू द्या.

जपणुकीबद्दल दोन वाक्यं. रथवेलचा क्रॉस १८८७ साली चर्चच्या आत घेतला. गॉस्फर्थचा अजून पावसात आहे, आणि वालुकाश्म मऊ असतो. सुदैवाने १८८२ साली त्याचा प्लास्टरचा साचा घेतला गेला, ती प्रतिकृती लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. आणि कॅल्व्हर्लींनी १८८७ मध्ये अ‍ॅस्पॅट्रियाच्या आवारात दगडातच पूर्ण आकाराची नक्कल उभी केली. आता तिच्यावरही शेवाळ आलंय.

(श्रोत्यांतून प्रश्न : हा क्रॉस कोरणारा स्वतः ख्रिस्ती होता का?)

चांगला प्रश्न. खर्च करणारा ख्रिस्ती होता, किंवा ख्रिस्ती म्हणवून घेऊ इच्छित होता, हे स्मारकाच्या आकारावरूनच ठरतं. कारागिराबद्दल एक पुरावा सांगतो. त्याच चर्चच्या आत एक चपटी शिळा आहे, ‘मासेमारीची शिळा’ म्हणतात. होडीत दोघे जण. एक थॉर, एका हातात हातोडा, दुसऱ्यात गळाची दोरी, आणि दोरीच्या टोकाला आमिष म्हणून बैलाचं डोकं, भोवती मासे. पृथ्वीला वेढा घालणाऱ्या सर्पाला तो गळाला लावायला निघालाय. ही शिळा आणि क्रॉस एकाच हातचे असावेत असं बेलींचं मत आहे. आणि त्याच शिळेवर, होडीच्या वरच्या चौकटीत, सापाशी झुंजणारं हरीण आहे. सापाला तुडवणारं हरीण हे ख्रिस्ती कलेत ख्रिस्ताचं ठरलेलं चिन्ह. वर हरीण आणि साप, खाली थॉर आणि साप. इथेही त्याने दोन्ही गोष्टी एकाच दगडावर, एकाखाली एक ठेवल्या आहेत.